शेकडा सव्वाचार

“बाबा, अमोनिया मी नाही.”

“मी कुठं म्हटलं तू अमोनिया आहेस? तुझी मात्रा अमोनियाइतकी आहे, एवढंच म्हटलं. माझे शब्द फिरवू नकोस.”

“फिरवत नाही. मला सोमवारी फुलंब्रीच्या कॉलेजात हजर व्हायचंय. त्यात मात्रा कुठून आली?”

“मात्रा सगळीकडं येते,” दत्तोपंत म्हणाले आणि सदऱ्याच्या टोकानं चष्मा पुसू लागले. “सव्वाचार टक्क्यांचं माणूस रोज पन्नास-पंचावन्न किलोमीटर ये-जा करू शकत नाही. शंभरातले शहाण्णव रेणू घरीच राहणार. फुलंब्रीला पोचणार किती? चार. चार रेणूंनी नोकरी होते का?”

समर्थनगरातल्या त्या घरात हे भांडण सकाळी मोटर लावल्यापासून चाललं होतं. आठव्या दिवशी नळाला पाणी आलं होतं. नीरजा एक कान गच्चीवरच्या टाकीकडं ठेवून मेथी निवडत होती. तिच्या समोर तिचे सासरे दत्तोपंत, वय वर्षं एक्क्याऐंशी, रसायनशास्त्राचे निवृत्त शिक्षक. दिवाणावर सासूबाई दमयंतीबाई वाती वळत होत्या. नवरा विश्वजित पेपर वाचत होता. म्हणजे वाचून झालेला पेपर त्यानं तोंडासमोरून काढला नव्हता.

“अहो, तुम्ही काहीतरी बोला,” नीरजा त्याला म्हणाली.

पेपरामागून आवाज आला. “बाबांचं अगदीच चुकीचं नाही. गेल्या वर्षी आपण वेरूळला निघालो, तर दौलताबादवरून तू गाडी परत फिरवायला लावलीस की नाही?”

“गॅस बंद केला होता की नाही, आठवेना म्हणून.”

“तेच म्हणतोय. शहाण्णव रेणू गॅसपाशीच होते.”

ज्याला हा हिशेब ठाऊक नाही, त्याला त्या घरात चार दिवस काढणं अवघड गेलं असतं. दत्तोपंतांनी चौतीस वर्षं शहरातल्या पोरांना रसायनशास्त्र शिकवलं. त्यांचा जीव एका गणितावर होता. ०.०१ मोलर अमोनिया, स्थिरांक १.८ गुणिले दहाचा उणे पाचवा घात, आयनीभवनाची मात्रा काढा. अमोनिया ही सौम्य आम्लारी. ती पाण्यात टाकली तरी सगळी फुटत नाही. थोडे रेणू पाण्याशी देवाणघेवाण करून आयन होतात, बाकीचे आपल्या जागी जसेच्या तसे बसून राहतात. शंभरातले किती फुटले ते सांगणारा आकडा म्हणजे मात्रा, तिलाच अल्फा म्हणायचं. निवृत्तीनंतर काही वर्षांनी, एका पाडव्याला, ओवाळणी झाल्यावर दत्तोपंतांनी कपाटातून एक जुनी वही काढली आणि घरातल्या प्रत्येकाचा अल्फा वाचून दाखवला. पहिल्या वर्षी सगळे हसले. दुसऱ्या वर्षी थोडे कमी हसले. पाचव्या वर्षापर्यंत इतर घरांत जसा रक्तगट माहीत असतो तसा या घरात प्रत्येकाला आपला अल्फा माहीत झाला होता.

विश्वजितचा बेचाळीस टक्के. म्हणून बँक, गाडीची किल्ली, सोसायटीची मीटिंग आणि लग्नकार्यात व्याह्यांशी बोलणं त्याच्याकडं. नाशिकचे जावई एकशे चौतीस टक्के. त्यांना विचारल्याशिवाय घरात मोठं काही व्हायचं नाही. जावई बिचारे साधे, विहिरीवरच्या पंपांची दुरुस्ती करणारे; सासुरवाडीत आपल्याला एवढा मान का मिळतो हे त्यांना इतक्या वर्षांत कळलं नव्हतं. एकदा घराला बाहेरून कुठला रंग द्यायचा असं त्यांना फोनवर विचारलं. ते त्या वेळी शेतात उभे होते. समोर जे दिसलं ते त्यांनी सांगितलं, आणि समर्थनगरातलं ते घर मिरचीच्या पानासारखं हिरवं झालं. दमयंतीबाईंचा अल्फा शून्य. त्यांची काही तक्रार नव्हती. शून्य असलं की कुणी काही विचारत नाही, आणि दुपारी झोप चांगली लागते, असं त्यांचं म्हणणं.

नीरजाचा सव्वाचार.

खरं तर नीरजा दौलताबादची. वडील तिथल्या पोस्टात. किल्ल्याखालच्या स्टॉपवरून ती रोज एस.टी.नं शहरात यायची आणि रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी. झाली, पहिल्या वर्गात. पुढं आठ महिने त्याच कॉलेजच्या प्रयोगशाळेत कुणाच्या तरी बाळंतपणाच्या रजेच्या जागी तिनं काम केलं. ब्युरेट धुवायच्या, द्रावणं करायची, बाटल्यांना चिठ्ठ्या चिकटवायच्या. अमोनियाची बाटली उघडताना तोंड कुठल्या बाजूला वळवायचं, हे तिला जसं त्या आठ महिन्यांत कळलं तसं पुढं संसारात कशाबद्दलच कळलं नाही. मग दत्तोपंत मंडळी बघायला आली. पोहे झाले, चहा झाला. नाव-गाव विचारण्याऐवजी दत्तोपंतांनी खिशातून घडी केलेला कागद काढला, वर लॉग टेबल ठेवलं आणि म्हणाले, “सोडव.” तिनं सोडवलं. त्यांनी बघितलं, घडी घातली, खिशात ठेवलं. उत्तर काय आलं होतं ते नीरजाला पुढं आठवलं नाही. आठवली ती सासूबाईंची मोतिया रंगाची साडी, आणि वडिलांचं पडलेलं तोंड. त्यांना वाटलं होतं, मुलगी नापास झाली.

त्याला चोवीस वर्षं झाली. दोन बाळंतपणं झाली, पैकी एक वाया गेलं. अमृता झाली, ती आता बारावीला. दत्तोपंतांची बायपास झाली, विश्वजितची बदली होऊन रद्द झाली. नीरजा घरातच होती. स्वयंपाकघरात हळद-तिखटाच्या बरण्यांना तारखेसकट चिठ्ठ्या होत्या. दही लावताना ती दूध बोटानं बघत नसे, पाण्याच्या तपेलीत ठेवून मोजून गार करी. सासूबाई म्हणत, “ही दही लावते की औषध करते, देव जाणे.”

गेल्या महिन्यात फुलंब्रीच्या एका ज्युनिअर कॉलेजात प्रयोगशाळेसाठी माणूस हवं असल्याची जाहिरात अमृतानं तिला मोबाइलवर दाखवली. नीरजा गुलमंडीवर परकराचं कापड आणायला जाते सांगून मुलाखतीला गेली. तिथल्या सरांनी प्रश्न विचारलेच नाहीत. समोर बाटली, तराजू आणि चंबू ठेवला आणि म्हणाले, “द्रावण करून द्या.” हात आपले आपण चालू लागले. सरांनी तपासलं आणि म्हणाले, “बाई, सोमवारी या.” परतीच्या बसमध्ये तिला एवढं हसू येत होतं की शेजारच्या बाईनं विचारलं, पोरीचं जमलं का. परकराचं कापड आणायचं राहूनच गेलं.

आणि आता शुक्रवार होता.

“पाण्याच्या दिवशी काय करायचं?” विश्वजितनं पेपर खाली घेतला. “मोटर कोण लावणार?”

“बटण दाबायचं असतं,” नीरजा म्हणाली. “वर लिहिलंय, चालू आणि बंद.”

तेवढ्यात मागच्या दारानं आशाबाई आल्या. त्या हर्सूलकडून यायच्या आणि सात घरची भांडी करायच्या. आल्या आल्या त्यांना हवेतला ताण कळला. “काय झालं वो, दादा? ताईंनी काय केलं?”

“ताईंना नोकरीला जायचंय,” दमयंतीबाई म्हणाल्या.

“जाऊ द्या की मग. मी सात ठिकाणी जाती, मला काय झालंय?”

“तुझी गोष्ट वेगळी,” दत्तोपंत आदरानं म्हणाले. “तुझं शंभर टक्के आयनीभवन आहे. तू सोडियम हायड्रॉक्साइड.”

“व्हय, माहिती हाय मला,” आशाबाई म्हणाल्या. चार वर्षांपूर्वी दत्तोपंतांनी त्यांना विचारलं होतं, बाई, शंभरातले किती? आशाबाईंना वाटलं, भांडी किती घासता असं विचारतायत. त्या म्हणाल्या, शंभरातले शंभर, एक ठेवत नाय. तेव्हापासून त्या सातही घरी सांगत, मी सोडियम हाय.

नीरजानं मेथीची जुडी बाजूला ठेवली. “बाबा, वही दाखवा.”

दहा वर्षांत कुणी वही बघायला मागितली नव्हती. दत्तोपंत ती स्वतः वाचायचे, बाकीच्यांनी ऐकायची. पण त्यांना राग आला नाही, उलट बरं वाटलं. “खुशाल बघ. एकेक आकडा नोंदलेला आहे. मला काही लपवायचं नाही.” त्यांनी अमृताला हाक मारली. अमृता क्लासला जायच्या तयारीत होती, एका पायात बूट. तिनं कपाटातून वही आणली आणि टेबलावर उघडली.

पहिल्या पानावर वर दत्तोपंतांच्या सुबक अक्षरात गणित लिहिलं होतं. ०.०१ मोलर अमोनिया. खाली रकाने. तारीख, नाव, मात्रा.

“हे तर आमच्या शीटमधलं गणित आहे,” अमृता म्हणाली. ती बोटानं रकाना वाचत खाली गेली. “आजोबा, ही उत्तरं आहेत.”

“कसली उत्तरं?”

“या गणिताची. तुम्ही सगळ्यांना हेच घातलंत ना? आजीला, बाबाला, आईला बघायला गेलात तेव्हा. ही त्यांची स्वतःची मात्रा नाही. त्यांनी काय लिहिलं ते आहे.”

वर टाकी भरून वाहू लागली होती, मोटर बंद करायला कुणी उठलं नाही.

दत्तोपंतांनी वही जवळ ओढली. चष्मा चढवून पान पहिल्यापासून वाचू लागले. नीरजाला वाटलं, आता ते चिडतील, किंवा रडतील. तिला एकदम त्यांची दया आली. म्हातारा माणूस, कशासाठी वही केली होती तेच विसरून गेला, आणि घरातल्या एकालाही ते सांगायची गरज वाटली नाही, कारण ज्याचा त्याचा आकडा ज्याला त्याला सोयीचा होता. मग तिला आपलीही थोडी दया आली, पण ती तिनं आवरली.

दत्तोपंतांनी पेन काढलं. “तपासून बघतो,” ते म्हणाले. त्यांचा आवाज बदलला होता. तो वर्गातला आवाज होता. “स्थिरांकाला संहतीनं भागायचं. किती आलं? शून्य पूर्णांक शून्य शून्य अठरा. त्याचं वर्गमूळ. शून्य पूर्णांक शून्य चारशे चोवीस. चार पूर्णांक चोवीस टक्के.” त्यांनी वर बघितलं. “विश्वजित, बारावीच्या सुट्टीत तू दोन शून्यं खाल्लीस. वर्गमूळ अठरा शतांशाचं काढलंस. म्हणून बेचाळीस.”

विश्वजितनं पेपर पुन्हा उचलला. कानांच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.

“आणि जावई?” दमयंतीबाईंनी विचारलं.

“जावयांनी घात टाकूनच दिला. एक पूर्णांक आठचं वर्गमूळ काढलं. एकशे चौतीस. हे शक्यच नाही. शंभरातले एकशे चौतीस फुटणार कुठून?”

“तरीच त्यांना श्रीखंड पुरत नाही,” दमयंतीबाई म्हणाल्या. “माझं काय लिहिलंय?”

“तू कागद कोरा दिला होतास.”

“मग माझं बरोबर आहे.”

“म्हणजे आई एकटीच पास?” अमृतानं विचारलं.

“एकटीच,” दत्तोपंत म्हणाले. “पन्नास वर्षांत या घरात एकच उत्तर बरोबर आलं.” त्यांनी नीरजाकडं बघितलं, आणि त्यांच्या डोळ्यांत जे आलं ते तिनं चोवीस वर्षांत पाहिलं नव्हतं. उत्तरपत्रिकेवर पैकीच्या पैकी देताना शिक्षकाच्या डोळ्यांत येतं ते. तिला वाटलं, सुटले.

“म्हणजे,” दत्तोपंत वही मिटत म्हणाले, “घरात सिद्ध झालेली मात्रा एकच आहे. बाकीच्यांची फेरतपासणी करावी लागेल. नीरजाची करायला नको, तिची बरोबर आहे. चार पूर्णांक चोवीस. ती फुलंब्रीला जाऊ शकत नाही.”



“बघ, मी म्हणत होतो,” विश्वजित पेपरामागून म्हणाला. फेरतपासणी हा शब्द ऐकल्यापासून त्याला घाई झाली होती. “आधी नीरूचा विषय मिटवू. बाकीचं सावकाश बघता येईल.”

“आजोबा, पण आईनं बरोबर सोडवलं म्हणून तिला शिक्षा?”

“शिक्षा कसली? हे रसायन आहे, बाळ. बरोबर उत्तर बरोबरच असतं.”

आशाबाई ओल्या हातानं दारात उभ्या होत्या. त्यांना सगळं कळलं नव्हतं, पण मुद्दा कळला होता. “ताई, मंग पुन्हा लिवा की. शंभर लिवा. मी तर नुसतं तोंडानं बोलले, तरी पास झाले. लिवायला काय लागतंय?”

“फेरपरीक्षेला माझी हरकत नाही,” दत्तोपंत म्हणाले. “हवी असेल तर आत्ता घेतो.” ते खरोखरच उठले, कोरा कागद आणला, त्यावर तेच गणित लिहिलं आणि लॉग टेबल नीरजापुढं ठेवलं. तेच लॉग टेबल, दौलताबादला बघायला आले तेव्हाचं; पुठ्ठा नवा घातलेला.

सगळे टेबलाभोवती जमले. विश्वजितसुद्धा आला. नवरा म्हणून त्याला थोडी लाज वाटली असावी, कारण तो तिच्या कानाशी वाकून म्हणाला, “दशांशचिन्ह एक घर सरकव. मी काही बोलणार नाही.”

“आई, दोन घरं सरकव,” अमृता कुजबुजली. “काम पक्कं होईल.”

“दोन घरं सरकवली की चारशे टक्के होतात,” नीरजा म्हणाली.

“मग चारशे लिही. जावयांच्यावर गेलीस की घराचा रंगही बदलता येईल,” दमयंतीबाई म्हणाल्या.

नीरजानं पेन हातात घेतलं. तिला कळत होतं की एका टिंबाचं काम आहे. दहा वर्षं नवऱ्यानं चुकलेल्या टिंबावर गाडी चालवली, जावयानं घर रंगवलं. ती मात्र बरोबर राहिली आणि मेथी निवडत बसली. टिंब सरकवलं की सोमवारी बस. तिनं पेनाचं टोक कागदावर टेकवलं.

पण हाताला सवयच नव्हती. वीस वर्षं हळदीच्या बरणीवर चुकीची तारीख न लिहिणारा हात तो. तिनं स्थिरांक लिहिला, संहती लिहिली, आणि नेहमीच्या आखूड रीतीवर थांबली. आखूड रीतीत एक सवलत घेतात. फुटलेले रेणू इतके थोडे असतात की ते वजा करायचेच नाहीत, उरलेले पूर्ण शंभर धरायचे. नीरजानं ती सवलत घेतली नाही. तिनं वर्गसमीकरण मांडलं.

“एवढं करायची गरज नाही,” दत्तोपंत वाकून म्हणाले. “अल्फा पाचाच्या आत असला की आखूड रीत चालते.”

“गरज नसली तरी करते.”

दहा मिनिटं गेली. दमयंतीबाईंनी मध्येच जाऊन मोटर बंद केली. त्यांना बटण सापडलं याचं कुणालाच आश्चर्य वाटलं नाही, कारण कुणी बघितलं नाही. नीरजानं शेवटची ओळ लिहिली, खाली दोन रेघा मारल्या आणि कागद सासऱ्यांकडं सरकवला.

दत्तोपंतांनी वाचलं. पुन्हा वाचलं. “शून्य पूर्णांक शून्य चारशे पंधरा,” ते म्हणाले. “चार पूर्णांक पंधरा टक्के. हे माझ्याहून नेमकं आहे.” मग ते खुर्चीत टेकले आणि हळहळून म्हणाले, “पण नीरजा, घटली गं.”

“घटली,” विश्वजित म्हणाला.

“आता काय करायचं?” आशाबाईंनी विचारलं.

नीरजानं पेनाला टोपण लावलं. मेथीची जुडी पुन्हा पुढ्यात ओढली, पिवळं पडलेलं एक पान काढून बाजूला टाकलं.

“सोमवारपासून मी फुलंब्रीला जातेय,” ती म्हणाली. “पावणेआठची बस आहे. भाजी-पोळी करून ठेवीन, सकाळचा चहा ज्यानं त्यानं आपापला करायचा.”